नकळत अंगी उतरलेली माणसं

निशिगंधा (धागाकर्ती)

मंडळी, एक विषय बरेच दिवस मनात घोळतोय. इथे जाणती माणसं आहेत म्हणून मांडते. आपल्या बोलण्या-चालण्यातलं, रागावण्यातलं, गप्प बसण्यातलं किती आपलं असतं आणि किती दुसऱ्या कुणाचं? शेजारी बसवून कुणी पुरणपोळी शिकवली, तर ती शिकवण. मी विचारतेय ते न शिकवता, न ठरवता, आपल्याला पत्ता लागायच्या आधी अंगात येऊन बसलेल्या गोष्टींबद्दल.

माझं माहेर नाशिक, सासर कोल्हापूर, शिवाजी पेठ. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बायका 'मी जातो', 'मी आलो', 'मी करतो की' म्हणायच्या ते ऐकून प्रत्येक वेळी चमकायला व्हायचं. आता आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून 'बरं, मी ठेवतो' निघून जातं आणि पलीकडे आई क्षणभर गप्प होते. असं बोलायचं मी कधीच ठरवलं नव्हतं. पण बोली चिकटते हे सगळ्यांच्या अनुभवाचं आहे, त्यावर थांबत नाही.

मला सांगायचंय ते सासऱ्यांबद्दल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सगळं आयुष्य मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत गेलं. सौद्याच्या वेळी गुळाची ढेप अंगठ्यानं दाबायची, बोटांना लागलेला गूळ अंगठा नि तर्जनीत चोळायचा, बोटं नाकाशी न्यायची आणि मगच तोंडातून शब्द काढायचा. ही सवय घरीही होती. मुलीच्या स्थळाबद्दल विचारा की भाजी कुठली आणायची ते विचारा, हातात काही नसताना अंगठा नि बोट एकमेकांवर चोळलं जायचं, हात नाकाशी जायचा, मग उत्तर.

मागच्या वर्षी मामा गेले. माझे यजमान बँकेत आहेत, गुळाशी त्यांचा संबंध खाण्यापुरता. मामा असताना त्यांच्यात ही लकब मी कधी पाहिली नाही. दिवसकार्य झालं, काही महिने गेले आणि एका संध्याकाळी मुलानं सहलीचे पैसे मागितले तेव्हा यांनी तसाच अंगठा चोळला, तसाच हात नाकाशी नेला आणि मग 'दे म्हणावं' म्हणाले. तेव्हापासून रोज बघते. त्यांना याचा पत्ताच नाही. वर्षश्राद्धाला नणंद आल्या होत्या, त्यांच्या नजरेस हे पडलं तशा उठून आत गेल्या आणि देवघरापाशी बसून रडल्या.

आणि मीसुद्धा. रात्री कडी घातल्यावर दार दोनदा ढकलून बघायचं ही मामांची रीत. आता ते मी करते. माझं तर त्यांच्याशी रक्ताचं नातंही नाही.

तर विचारायचंय ते असं : हे नेमकं कसं घडतं? प्रेमाच्या माणसांचंच येतं का? आणि यजमानांना हे सांगावं की सांगू नये?

—

लालमाती

ताई, लई मनातलं लिहिलंय बघा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हे आपल्याकडं उगीच म्हणत नाहीत. तालमीतलं सांगतो.

आमच्या वस्तादांचा डावा गुडघा तरुणपणी एका कुस्तीत गेला. तेव्हापासून उभं राहताना सगळा भार उजव्या पायावर, डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं. शड्डू ठोकणार तो उजव्याच मांडीवर आणि लागोपाठ दोन. आता आमच्या तालमीतली पोरं बघा. सोळा-सतरा वर्षांची, गुडघे लोखंडासारखे, पण हौद्यात उतरली की डावं पाऊल बाहेर आणि उजव्या मांडीवर दोन शड्डू. वस्तादांनी हे कुणालाही शिकवलेलं नाही. उलट 'दोन्ही पायांवर सारखा भार ठेव' म्हणून रोज ओरडतात. पोरं ऐकतात कानानं आणि घेतात डोळ्यानं.

खासबागेत पोरगं मैदानात आलं की दगडी पायऱ्यांवर बसलेली जुनी माणसं त्याच्या चालीवरनं तालीम सांगतात. समोरचा पैलवान जाणता असला तर तोही ओळखतो आणि पहिला झटका डाव्या पटाला, म्हणजे डाव्या पायालाच घालतो. म्हणजे वस्तादांच्या जुन्या दुखण्याचा तोटा पोराला सोसावा लागतो. तरी सुटत नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणाल तर, ज्याच्याकडं आपण दिवसभर बघत राहतो त्याचं येतं. तालमीत पोरं पहाटेपासून वस्तादाकडंच बघतात.

—

तानपुरा

लालमाती, हाच प्रतिसाद हवा होता. गाण्यात अगदी हेच घडतं आणि त्याचं थोर उदाहरण आपल्या कोल्हापुरातलंच आहे.

अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक होते. ऐन उमेदीत अति गाण्यानं त्यांचा आवाज बिघडला आणि पहिल्यासारखा पुन्हा झाला नाही. तेव्हा त्या उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली : लयीच्या अंगानं जाणाऱ्या पेचदार ताना, अनवट म्हणजे क्वचितच गायले जाणारे राग, एकामागून एक गुंफलेली आवर्तनं. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांचे गळे तर निरोगी, तेजस्वी. तरी एका माणसाच्या गळ्यावर आलेल्या संकटातून निघालेली वाट त्यांची स्वतःची झाली.

ही शिकवलेली विद्या आहे हे मान्य. पण गुरूसमोर वर्षानुवर्षं बसणाऱ्याला विचारा. सम गाठताना मान कुठे वळते, श्वास कुठे चोरला जातो, ताण आला की कुठला हात उचलला जातो, हे कुणी सांगत नाही. गुरूला दमा असेल तर शिष्य दमा नसताना त्याच जागी श्वास तोडतो. आमच्या बाई षड्ज लावताना डोळे मिटून डावा खांदा किंचित वर घ्यायच्या. आम्ही सगळ्या बायका डावा खांदा वर घेतो. एकीनं दुसरीला सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

—

मानसरंग

धागा फार आवडला. मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

निशिगंधाताई, तुम्ही एकाच प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत. एक, रोज सोबत असलेल्या माणसाची लकब उचलणं. दोन, गेलेल्या माणसाला आत घेणं. वरवर सारख्या दिसतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत.

पहिल्यावर न्यूयॉर्कमधल्या तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ज यांचे १९९९ सालचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून काही छायाचित्रांचं वर्णन करायला सांगितलं. त्यातला एक जण प्रयोगकर्त्यांचाच माणूस. एका फेरीत तो सारखा चेहऱ्यावरून हात फिरवायचा, दुसऱ्या फेरीत दुसरा कुणी पाय हलवत बसायचा. पाहुणा माणूसही पहिल्याबरोबर चेहऱ्याला हात जास्त लावू लागला आणि दुसऱ्याबरोबर पाय जास्त हलवू लागला. नंतर विचारलं तर यातलं काहीच त्याला जाणवलेलं नव्हतं. हे काही मिनिटांच्या ओळखीत, ना प्रेम ना द्वेष. मग एका घरात राहून किती होत असेल याचा विचार करा. त्याच प्रयोगमालेत असंही दिसलं की आपल्या हालचालींची हळूच नक्कल करणारा माणूस आपल्याला जास्त आवडतो, आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्याची सवय ज्यांना असते ते ही नक्कल अधिक करतात.

लालमाती आणि तानपुरा यांनी गुरूच्या दुखण्याची गोष्ट सांगितली, त्यालाही जोड देता येते. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं यांना एका कोड्याच्या पेटीतून खाऊ काढून दाखवला. दाखवताना मुद्दाम काही निरर्थक हालचाली घातल्या. पेटी पारदर्शक असली की चिंपांझींना त्या हालचाली फुकट आहेत हे दिसायचं आणि ते सरळ खाऊ काढायचे. माणसाची मुलं मात्र त्या फुकटच्या हालचालींसकट सगळं करायची. माणूस आधी सगळं उचलतो. त्यातलं कामाचं काय ते निवडायचं झालंच तर पुढे कधीतरी. आपल्या सगळ्या विद्या, रीतिरिवाज, स्वयंपाक असेच पिढ्यान्‌पिढ्या आले. त्यांच्याबरोबर वस्तादांचा गुडघाही आला.

आता दुसरी गोष्ट, मामांची. बोस्टनमध्ये नोव्हेंबर १९४२ ला कोकोनट ग्रोव्ह नावाच्या क्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या आगीत आप्त गमावलेल्यांना आणि इतर शोकग्रस्तांना भेटून १९४४ मध्ये एक निबंध लिहिला. शोकाची लक्षणं नोंदवताना त्यांनी हेही नोंदवलं की काहींच्या वागण्यात मृताच्या लकबी दिसू लागतात. वडील गेलेला मुलगा वडिलांसारखा चालू लागतो, आरशात पाहिलं तर आपला चेहरा त्यांच्यासारखा झाल्याचं त्याला वाटतं. तुमचे यजमान एकटे नाहीत.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं याच्याही आधी, १९१७ मध्ये, शोक आणि विषाद यांची तुलना करताना म्हटलं होतं की गमावलेलं माणूस मन सहजी सोडत नाही, त्याची आतच प्रतिष्ठापना करतं. १९२३ मध्ये तो याच्याही पुढे गेला : आपला 'मी' बऱ्याच अंशी अशा सोडाव्या लागलेल्या माणसांच्या ठेवींतूनच घडतो. फ्रॉइडच्या सगळ्याच गोष्टी मी मानत नाही, पण ही रोजच्या कामात मला पुन्हा पुन्हा खरी होताना दिसते.

सांगावं की नाही? सांगायची घाई करू नका. सांगितल्यावर ते त्या हाताकडे लक्ष ठेवू लागतील आणि जे आपोआप येत होतं ते अवघडेल. लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर. लिंडेमन यांनी हेही लिहिलंय की कधी कधी मृताच्या शेवटच्या आजाराची लक्षणं मागे राहिलेल्याला होऊ लागतात. वडिलांना जिथे दुखायचं तिथे दुखणं, तशीच धाप लागणं. असं काही जाणवलं तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडू नका. आधी शरीराची तपासणी, मग आमच्याकडे. अंगठा चोळण्यानं मात्र कुणाचं काही बिघडत नाही.

—

पन्हाळा_पायवाट

चर्चा चांगली आहे पण मला पटत नाहीय. सरळ कारण डोळ्यांसमोर असताना इतकं लांब कशाला जायचं? मुलगा बापासारखा वागतो कारण तो बापाचा मुलगा आहे. रक्त. वय वाढलं की ते वर येतं, आणि बाप गेला की आपण ते शोधायला लागतो म्हणून दिसतं.

मिनेसोटात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारखी जुळी भावंडं वेगळी वाढूनही स्वभावाच्या चाचण्यांत जवळजवळ एकत्र वाढलेल्यांइतकीच सारखी निघाली. मग सहवास, सहवास म्हणून जे आपण म्हणतो त्याचं काय?

—

निशिगंधा

पन्हाळा_पायवाट, यजमानांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. पण दार दोनदा ढकलणारी मी आहे. माझ्यात मामांचं रक्त कुठून येणार?

—

मानसरंग

पन्हाळा_पायवाट यांचा आक्षेप रास्त आहे आणि जुळ्यांचा अभ्यासही खरा आहे. फक्त तिथे मोजलं काय ते बघायला हवं. माणूस मुळात भित्रा की धीट, बोलका की अबोल, लवकर चिडणारा की थंड, असल्या ठेवणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, याबद्दल वाद नाही. चिडणं रक्तात असेल. पण चिडल्यावर ताट सरकवायचं, दार आपटायचं की दोन दिवस अबोला धरायचा, हे माणूस घरात बघून घेतो. गुळाची ढेप दाबून बोटं हुंगणं कुठल्याही गुणसूत्रात लिहिलेलं नाही.

—

पन्हाळा_पायवाट

ठेवण रक्ताची आणि रीत घरची, एवढं मान्य. माझा आक्षेप तेवढ्यापुरता मागे. पण 'मी' सगळाच इतरांच्या ठेवींतून घडतो हे फ्रॉइडसाहेबांचं म्हणणं मला अजूनही जास्त वाटतं.

—

चंद्रहार

मस्त धागा, वाचनखूण साठवली. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकत्र राहून चेहऱ्यानंही सारखे दिसायला लागतात असं म्हणतात, तो यातलाच प्रकार का? आमच्या गल्लीत एक जोडपं आहे, लोक बहीण-भाऊच समजतात. आणि मेंदूत आरशासारख्या पेशी असतात, त्यामुळे हे होतं असंही कुठंतरी वाचलं होतं.

—

मानसरंग

चंद्रहार, तो समज पसरला तो रॉबर्ट झायन्स यांच्या १९८७ च्या अभ्यासामुळे. बारकीच नमुनासंख्या होती. २०२० मध्ये खूप मोठ्या संख्येनं जोडप्यांचे लग्नाच्या सुमाराचे आणि नंतरचे फोटो तपासले गेले. जोडपी दिसायला थोडी सारखी असतात, पण ती सुरुवातीपासूनच. काळाबरोबर चेहरे जवळ येत नाहीत. म्हणजे आपल्यासारखं दिसणारं माणूस आपण निवडतो.

आरसा-पेशींचा शोध इटलीतल्या पार्मामध्ये १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत लागला. माणसातल्या सहानुभूतीचं, नकलेचं सगळं श्रेय त्यांना देणं घाईचं आहे; त्यावर अजून वाद चालू आहेत.

—

कृष्णाकाठ

'प्रेमाच्या माणसांचंच येतं का' या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते ज्यांना आपण भितो त्यांचं जास्त येतं.

माझी आत्या शिरोळ तालुक्यात दिली होती. सासू कडक. पिठाच्या डब्याला कुलूप, किल्ली सासूच्या कमरेला. दोन्ही वेळचं पीठ सासू मोजून काढून द्यायची आणि देताना एकच वाक्य, 'माहेरचं न्हाई ते, जपून वापर.' आत्या माहेरी आली की आजीच्या कुशीत शिरून हे सांगायची आणि म्हणायची, माझ्या सुनेला मी असं कधी करणार नाही. हे मी माझ्या कानानं ऐकलंय. मनापासून म्हणायची.

पुढं आत्याला सून आली. कुलूप नव्हतं, तेवढा काळ बदलला होता. पण एकदा मी तिथं असताना सून तेलाची किटली कलती करत होती आणि आत्या मागून म्हणाली, 'माहेरचं न्हाई ते.' तोच सूर, शेवटचं अक्षर तसंच तोडलेलं. आणि हात कमरेला, जिथं किल्ली नव्हती तिथं. मी आत्याच्या तोंडाकडं बघितलं. तिला आपण काय बोललो याचा गंधही नव्हता. दुष्टपणा म्हणावा तर आत्यासारखी मायाळू बाई आमच्या घराण्यात दुसरी नाही.

तेव्हापासून मला वाटत आलंय की 'मी तसं होणार नाही' असं ठरवल्यानं आपण वाचत नाही. ठरवायला त्या माणसाला सतत डोळ्यापुढं ठेवावं लागतं. लालमाती म्हणाले तसं, ज्याच्याकडं बघत राहतो त्याचंच येतं. प्रेमानं बघा की भीतीनं.

आणि हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. नृसिंहवाडीला देवळात लहानपणी ऐकलेली अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आठवा. भागवताच्या एकादश स्कंधात आहे. शेवटच्या गुरूंपैकी एक म्हणजे भिंतीतल्या मातीच्या घरात अळीला कोंडून ठेवणारी कुंभारीण माशी. अळी भीतीनं माशीचंच ध्यान करते आणि तशीच होऊन जाते. कथेकरी ती ईश्वराच्या ध्यानासाठी सांगतात, कारण त्याच श्लोकाच्या आधी म्हटलंय की प्रेमानं, द्वेषानं किंवा भयानं, मन जिथं पूर्ण लावाल तसे व्हाल. मी ती आत्यासाठी ऐकते.

—

मानसरंग

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड हिनं १९३६ मध्ये मनाच्या बचावयंत्रणांवर लिहिताना नेमकं हेच मांडलं : ज्याच्याकडून धोका आहे त्याच्याशीच तादात्म्य पावणं. धमकावलं जाणारं मूल धमकावणाऱ्याची भूमिका घेतं, कारण त्या भूमिकेत तरी भीती वाटत नाही. भागवतात मात्र ते कितीतरी आधी सांगितलेलं आहे.

कुंभारीण माशीचं प्रत्यक्षात वेगळं घडतं हेही सांगते, कारण ते मला फार बोलकं वाटतं. माशी अळीला डंख मारून लुळी करते, मातीच्या घरात ठेवते आणि तिथे अंडं घालते. अंड्यातून निघालेलं माशीचं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं आणि माशी होऊन बाहेर पडतं. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की आत अळी गेली होती आणि बाहेर माशी आली. भीतीपोटी आत घेतलेल्या माणसाचं असंच असतं. ते आपल्यात बसून आपल्यावर पोसतं. माझ्याकडे येणाऱ्यांत अशी माणसं फार असतात. आतला आवाज सारखा हिणवत असतो, 'तुला काही जमणार नाही', आणि खोदून विचारलं की कळतं तो आवाज त्यांचा नाहीच, मोठ्या काकांचा आहे किंवा शाळेतल्या कुणाचा. वाक्यसुद्धा शब्दशः त्यांचंच असतं. कुणाचं आहे ते सापडलं की त्याचा जोर निम्मा उतरतो. हे मी रोज पाहते.

—

अभ्या_राजारामपुरी

सगळं वाचून काढलं आणि थोडी भीती वाटली, म्हणून लिहितोय. इंजिनिअरिंगला आहे. माझं असं होतं की ज्या मित्राबरोबर असेन त्याच्यासारखा होतो. पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल बघायला शाहू स्टेडियमवर गेलो की आवाज चढतो, 'काय भावा' सुरू होतं. कॉलेजातल्या एका शांत मित्राबरोबर असलो की मीही तोलून-मापून बोलायला लागतो, त्याच्यासारखा चष्मा वर सरकवायला हात जातो आणि मला तर चष्माच नाही. घरी गेलो की तिसराच. सगळं जर दुसऱ्यांचंच असेल तर माझं असं काय आहे? हा प्रश्न रात्री झोपताना त्रास देतो.

—

लालमाती

अभ्या, तू लेका माणसांत रमणारा आहेस, एवढंच त्यातनं दिसतं. जो कुणाकडं बघतच नाही त्याला कुणाचं काय लागणार? तालमीत असली पोरं येतात, दोन वर्षं राहून काही न घेता जातात.

—

तानपुरा

अभ्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी गाण्यातून देते, मला दुसरं येत नाही.

केसरबाई आणि मोगूबाई, दोघी एकाच गुरूच्या. तीच तालीम, तेच राग, त्याच बंदिशी. आता दोघींची ध्वनिमुद्रणं एकामागून एक लाव. केसरबाईंचा 'आ'कार भरदार, सगळं आकाश व्यापणारा. मोगूबाईंकडे लयीचा असा हिशेब की मात्रेचा कणही सांडत नाही. पहिल्या आलापात कळतं कुठल्या बाई आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेऊन आले, मग अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ, ते गेल्यावर त्यांचे भाऊ, कोल्हापूरचे भुर्जीखाँ. इतक्या जणांचं गाणं त्यांच्यात आहे. तरी मन्सूरांचं गाणं मन्सूरांचंच, दुसऱ्या कुणाचं वाटेल अशी एकही जागा त्यात नाही.

त्यांनी कुणाचं काही टाकून दिलं म्हणून ते वेगळे झाले नाहीत. जे आलं ते सगळं त्यांच्या गळ्यातून, त्यांच्या छातीतून, त्यांच्या कानातून गेलं. तुझा चष्म्याचा हात तुझ्या मित्रासारखा असेल, पण तो कधी उचलला जातो, काय ऐकल्यावर उचलला जातो, ते तुझं आहे. आणि तू कुणाकडे बघायचं निवडतोस तेही. शांत मित्राची लकब तू घेतलीस, वर्गात बाकीचे साठ जण होते की.

—

मानसरंग

तानपुरा यांनी फार सुंदर सांगितलं. अभ्या, मी वर लिहिलं होतं ते पुन्हा वाच : दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणारे ही नक्कल जास्त करतात. तुझ्यात ती ताकद आहे. त्रास किती होतोय एवढं मात्र बघ. माणसं बदलली की बोलणं बदलतं, हे सगळ्यांचं होतं. पण एकटं असताना आत पोकळी वाटत असेल, आपल्याला काय आवडतं, काय हवंय हेच ठरवता येत नसेल, झोप उडत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाशी बोल. त्यात कमीपणा काही नाही.

—

अभ्या_राजारामपुरी

धन्यवाद मंडळी. पोकळी वगैरे नाही, प्रश्नच सुटत नव्हता. केसरबाई-मोगूबाई ऐकतो. गाण्यातलं काही कळत नाही पण फरक ऐकू येतो का बघतो.

—

तानपुरा

भूप किंवा भैरवीपासून सुरू कर. येईल ऐकू.

—

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. मानसरंगताई, यजमानांना काही सांगणार नाही. नणंदेलाही फोन करून तसंच सांगितलं, त्याही 'हं, राहू दे' म्हणाल्या.

कृष्णाकाठ, तुमच्या आत्याची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्या सुनेचं पुढे काय झालं? ती साखळी तिच्यापाशी तुटली का? माझी मुलगी आता दहावीत आहे, म्हणून विचारते.

—

कृष्णाकाठ

ती माझी वहिनीच लागते. आता तिलाही सून आलीय, त्यामुळं उत्तर देता येईल.

वहिनीनं एक केलं. 'मी असं करणार नाही' अशी शपथ तिनं कधी घेतली नाही. तिला ते वाक्य आलं, मुलांवर ओरडताना यायचंच, की ती तिथंच थांबून मोठ्यानं म्हणायची, 'हे आत्तींच्या सासूचं.' आत्ती म्हणजे माझी आत्या. मुलांसमोर म्हणायची, आत्यासमोरसुद्धा. पहिल्यांदा आत्याला राग आला. मग एक दिवस आत्यानं विचारलं, मी असं म्हणते? वहिनी म्हणाली, म्हणता की, आणि हात पण कमरेला जातो. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिनं वहिनीला सासूचं सगळं सांगितलं : कुलूप, किल्ली, रात्री पोटात कावळे ओरडायचे ते. तोवर घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता त्या घरात तेल सांडलं की नातवंडंच म्हणतात, 'माहेरचं न्हाई ते!' आणि आत्या त्यांना मारायला हात उगारते नि हसते. वहिनीच्या सुनेला ते वाक्य घरातलं गमतीचं वाक्य म्हणूनच माहीत आहे. वहिनी सांगते, अजूनही भांडार लावताना तिचा स्वतःचा हात कमरेला जातो. तो जातच राहील म्हणते.